नारळाला डोळे असतात

परीक्षा घेण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याने उतारवयात परीक्षेला बसू नये. मी बसले. आमच्या गावी गिरीजला, घराच्याच ओट्यावर, सासूबाईंच्या शेजारी मांडी घालून. विषय होता मेंदूला झालेली इजा. माझ्या नवऱ्याला सांभाळणाऱ्या आम्हा दोघींना त्यातलं कितपत कळतं, हे मोजायला एक मुलगी विरारहून रिक्षा करून आली होती.

मी शाळेत गणित शिकवते. लाल पेन माझ्या हातात, निळं पेन समोरच्याच्या हातात, ही माझ्या मते जगाची योग्य रचना आहे. त्यामुळे त्या मुलीने संमतीच्या कागदावर सही करायला निळं पेन माझ्याकडे सरकवलं तेव्हा मला हसूच आलं.

पण आधी नवऱ्याचं सांगायला हवं. आमची केळी-नारळाची वाडी आहे, जोडीला थोडी भाजी. भुईगावला एका नातलगाकडे सत्यनारायण होता आणि प्रसादासाठी केळीचं एक अख्खं लोंगर आमच्याकडून जाणार होतं. नवऱ्याने ते स्कूटरवर पुढ्यात, दोन पायांच्या मध्ये उभं केलं आणि निघाला. हेल्मेट दारामागच्या खिळ्याला. गावातल्या गावात कशाला हेल्मेट, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात; हेल्मेट म्हणजे हायवेवर पोलिसांना दाखवायची वस्तू. भुईगावच्या एका अरुंद गल्लीत वळणावर कुत्रं आडवं आलं. त्याला चुकवायला गेला तो थेट कुंपणाच्या भिंतीवर. कुत्र्याला काही झालं नाही, लोंगराला ओरखडा नाही, डोकं तेवढं आपटलं.

हॉस्पिटलमधल्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. त्यांच्यावर मी तेव्हाच पुरेसं रडून घेतलं आहे. नवरा शुद्धीवर आला, मला ओळखलं, आईला ओळखलं, चालायला लागला, घरी आला. मग गाव बघायला आलं. नारळाच्या वाडीत लोक शहाळी घेऊन आले, केळीच्या वाडीत केळी घेऊन आले, आणि प्रत्येकाने ओट्याच्या पायऱ्या उतरताना एकच वाक्य म्हटलं, "दिसतो तर बरा."

दिसत होता बरा. हात चालत होते, पाय चालत होते, बोलणं स्पष्ट होतं. फक्त तो आपणहून काही सुरू करत नव्हता. जेवणार का विचारलं तर हो म्हणायचा आणि पोटभर जेवायचा, न विचारलं तर भुकेला बसून राहायचा. पाण्याची पाळी कुठपर्यंत आली विचारलं तर नेमकं सांगायचा, कारण वाडीला पाणी देण्याची पाळी त्याच्या डोक्यात पक्की होती. पण उठून पाणी सोडायचा नाही. आंघोळीचं पाणी काढून दिलं, टॉवेल हातात दिला, चला म्हटलं, की जायचा. गप्पा तर बंदच. विचारलं तेवढं उत्तर, त्यापुढे पूर्णविराम.

हाच माणूस पूर्वी बोलायला लागला की ओट्यावरच्या लोकांना दुपारचं जेवण राहून जायचं. आणि त्याच्या बोलण्याचं आवडतं गिऱ्हाईक मी. माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्या गावात झाडावरून काही पडलंच तर बोर पडतं, फार तर चिंच. लग्न होऊन इथे आले तेव्हा मी माडाखालून जाताना डोक्यावर दोन्ही हात धरून पळायचे आणि हा ओट्यावर बसून मजा बघायचा. "अगं, नारळाला डोळे असतात," म्हणायचा. "तीन. तुझ्यापेक्षा एक जास्त. तो बघून पडतो." एकदा नारळ सोलून त्याने मला ते तीन डोळे दाखवले, पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसे. पुढे मीही निवांत चालायला लागले, आणि माहेरचं कोणी आलं की त्यांना हेच ऐकवायला लागले. आमच्या बाजूला वाडीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. माणसाच्या डोक्यात नारळ पडत नाही, कारण नारळाला दिसतं.

तर तो चेष्टा करणारा माणूस गप्प झाला होता आणि मला घर खायला उठत होतं. मला फार काही नको होतं. त्याने एकदा, फक्त एकदा, कोणी न विचारता काहीतरी बोलावं. भाजीत मीठ कमी आहे असं म्हणाला असता तरी मी पेढे वाटले असते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वेळ लागेल, किती लागेल ते सांगता येत नाही. गणिताच्या बाईला असं उत्तर म्हणजे काय असतं, ते मलाच ठाऊक.

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. "डोक्याला मार लागला, तर डोक्याला आराम पायजे," असं त्यांचं म्हणणं. मोडलेला हात गळ्यात बांधून ठेवतात, तसंच मोडलेलं डोकं निवांत ठेवायचं. त्यांनी वाडीतल्या सगळ्यात गार जागी, विहिरीजवळच्या जुन्या माडाखाली, मुलाची आरामखुर्ची मांडली. तिथे समुद्राकडचा वारा थेट येतो. सकाळी चहा झाला की नवऱ्याला त्या खुर्चीत नेऊन बसवायचं, भिजवलेले बदाम द्यायचे, आणि ऊन उतरलं की घरात आणायचं. रेडिओ नको, हिशेब नको, मोठ्याने बोलणारी माणसं नकोत. माझा आवाज वर्गातला असल्यामुळे मला त्या बाजूला जायला जवळजवळ बंदीच होती.

ही सगळी व्यवस्था बसली असताना ती मुलगी आली. विरारला फ्लॅटमध्ये वाढलेली, आईवडील मूळचे कोल्हापूरकडचे. आजारपणानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करायला शिकवतात, त्याचं शिक्षण घेत होती आणि त्यासाठी प्रबंध लिहीत होती. डोक्याला मार लागलेल्या माणसांना घरी जे सांभाळतात त्यांना या दुखण्याची माहिती किती आहे, हे मोजायचं. मग त्यांना माहिती द्यायची. मग काही महिन्यांनी पुन्हा मोजायचं. तिच्या बोलण्यात काहीही कठीण नव्हतं. तरी सासूबाईंनी मला कानात विचारलं, "ही पास-नापास करते काय?"

"नाही आजी, टेन्शन नका घेऊ," ती म्हणाली. तिला ऐकू गेलं होतं. "मी एकेक वाक्य वाचते. तुम्ही सांगायचं, बरोबर, चूक किंवा माहीत नाही. आणि दोघींनी वेगवेगळं सांगायचं."

"येगळा कशाला? आमी दोघी एका चुलीवर रांधतो," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या शेजारी ठाण मांडून बसल्या. मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. या घरात आल्यापासून मी जे हरले आहे, ते ती एका दुपारी कुठे जिंकणार?

मला खरं तर त्या "माहीत नाही"चा राग आला होता. माझ्या वर्गात माहीत नाही म्हटलं तर शून्य मिळतं. इथे त्याला मानाने वेगळा चौकोन. मी मनात ठरवलं की त्या चौकोनाला आपण हात लावायचा नाही. गेले काही महिने मी मोबाइलवर मिळेल ते वाचून काढलं होतं, आणि मला पैकीच्या पैकी हवे होते.

पहिलं वाक्य वाचलं गेलं. माणूस नीट चालू-बोलू लागला म्हणजे त्याचा मेंदू पूर्ण बरा झाला.

"बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "गावात कोनालाही इचार."

"चूक," मी म्हटलं.

"माझा पोर बरा हाय."

"आई, बरा आहे आणि बरा झाला यात फरक आहे."

मुलीने दोन कागदांवर दोन खुणा केल्या. पुढचं वाक्य होतं, पहिल्या मारामुळे गेलेली आठवण डोक्याला दुसरा मार लागल्यावर परत येऊ शकते. सासूबाईंचा चेहरा खुलला. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, एकदा नाही, अनेकदा, शुक्रवारी टीव्हीवर. हिरो जिन्यावरून पडतो, आईला विसरतो, मध्ये पाच गाणी होतात, मग व्हिलन त्याच्या डोक्यात काठी घालतो आणि हिरो "माँ" म्हणून उठतो. त्यांनी ते सगळं त्या मुलीला सांगितलं, काठी कशी बसते ते हाताने दाखवून. मुलगी ओठ दाबून बसली होती. प्रबंधात हसायचं नसतं, असं तिला बजावलेलं असणार.

"चूक," मी म्हटलं. "आणि हे पुन्हा कुणासमोर बोलू नका, आई. कोणीतरी काठी घेऊन येईल."

असं चाललं होतं. काही वाक्यांवर सासूबाई माझ्या कागदात डोकावत होत्या. वाचता येत नव्हतं तरी खूण कुठल्या चौकोनात पडते ते त्यांना दिसत होतं, आणि दोन-तीनदा त्यांनी माझंच उत्तर आपलं म्हणून सांगितलं. तीस पोरांच्या वर्गात मी कॉपी पकडते, पण सासूला कॉपी करताना पकडायची सोय आपल्याकडे नाही.

मग आलं ते वाक्य. एकदा इजा झालेल्या डोक्याला पुन्हा मार लागला तर तो अधिक धोकादायक ठरू शकतो.

हे मला अगदी पाठ होतं. "बरोबर," मी म्हटलं, आणि नुसतं म्हणून थांबले नाही. दुसरा मार हलका असला तरी का वाईट, स्कूटरची किल्ली मी कशी लपवून ठेवली आहे, मोरीत रबरी चटई कशी घातली आहे, सगळं सांगितलं. फळ्याजवळ उभी असल्यासारखी हात करून सांगितलं. सासूबाईंनीही मान डोलावली. मुलगी भराभर लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिने मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून विहिरीकडे बघितलं. तिथे नवरा खुर्चीत पाय पसरून बसला होता. तिची नजर त्याच्या डोक्यावर गेली, तिथून माडाच्या खोडावरून वर वर गेली आणि शेंड्याला जाऊन थांबली.

"काकू," ती म्हणाली, "ते वरती नारळ आहेत ना?"

"मग माडावर काय असणार?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे... ते पडत नाहीत?"

"नारळाला डोळे असतात," आम्ही दोघी म्हणालो. एकदम. मी आणि सासूबाई एकाच वेळी एकच वाक्य बोललो, असं त्या घरात बहुधा पहिल्यांदाच घडलं.

त्या मुलीने कागदावरचे तिन्ही चौकोन एकदा पाहून घेतले. मग तिने अगदी सरळपणे, चेष्टेचा लवलेशही नसलेल्या आवाजात विचारलं, "काकू, हे मी कुठे टिक करू? बरोबर, चूक की माहीत नाही?"

मी वळून बघितलं. माडावर नारळ होते, आणि ते साधेसुधे नव्हते, वाळून तपकिरी झालेले होते, कारण नारळ पाडणाऱ्या माणसाला फोन करून बोलवायचं काम नेहमी नवरा करायचा. तो आता काही सुरू करत नव्हता, म्हणून अपघातानंतर त्या माडावर कोणी चढलंच नव्हतं. त्या सगळ्या वाळक्या नारळांच्या बरोबर खाली आम्ही त्याला रोज बसवत होतो. हवेसाठी. बदाम देऊन. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते दुसरं काय असतं?

सासूबाई माझ्या आधी उठल्या. त्या वयात त्या पायऱ्या अशा उतरल्या की मला त्यांच्या मागे पळावं लागलं. आम्ही त्याला उठवलं, एकीने हात धरला, एकीने खुर्ची उचलली. "काय झालं?" असं त्याने विचारलं नाही. चल म्हटलं, चालला. त्याचं ते मुकाट चालणं मला त्या क्षणी नारळापेक्षा जास्त लागलं.

आता वाडीत माड नाही अशी जागा शोधायला गेलं की कळतं, नारळाच्या वाडीत माडच असतात. इथे वर झावळी, तिथे वर नारळ. केळीत बसवावं तर डास. आंब्याखाली बसवावं म्हटलं, तर सासूबाईंना आता आंब्याचीही भीती वाटायला लागली. शेवटी कोपऱ्यातल्या चिकूखाली खुर्ची गेली. "चिकू पडला तर पडला," त्या म्हणाल्या, "बिया तेवढ्या लागतील." मुलगी मागून हातात कागद धरून येत होती. तिला हे सगळं लिहून घ्यायचं होतं आणि तिच्या कागदात त्याच्यासाठी चौकोन नव्हता.

ओट्यावर परत आल्यावर तिने उरलेली वाक्यं वाचली. मी आता जरा नरम पडले होते. एक वाक्य होतं, इजेनंतर माणूस आपणहून काही करत नाही, बोलत नाही, तेव्हा तो आळस करत असतो किंवा मुद्दाम करत असतो.

"माझा पोर आळशी नव्हता कवा," सासूबाई म्हणाल्या. "चूक लिही."

 चूक म्हणायला हवं, हे मलाही कळत होतं. पण कित्येक संध्याकाळी मी त्याच्यासमोर बसून मनात म्हटलं होतं, सगळं कळतं याला, माझ्याशीच बोलायचं नाही एवढंच. मुलगी वाट बघत होती. मी बोट टेकवलं ते तिसऱ्या चौकोनावर. माहीत नाही.

तिने खूण केली आणि कागद बाजूला ठेवला. म्हणाली, "काकू, तुमच्या पंपाचं कसं असतं?"

आमचा विहिरीवरचा पंप जुना आहे. मोटर उत्तम, पण नुसतं बटण दाबून पाणी चढत नाही. आधी वरून बादलीभर पाणी ओतावं लागतं, मग तो विहिरीतलं पाणी ओढतो. येताना तिने सासूबाईंना ते करताना बघितलं होतं. "काकांचं तसं आहे," ती म्हणाली. "आत पाणी आहे. ओढायची ताकद आहे. सुरुवात करून देणारा भाग दुखावलाय. तुम्ही थोडं वरून ओता, आणि मग थांबा. त्यांच्यासाठी सगळं करून टाकू नका, आणि नुसतं बसवूनही ठेवू नका."

मला तिथेच रडायला आलं आणि मी रडले. सासूबाईंनी मला पदर दिला पुसायला. ती मुलगी बिचारी घाबरली, तिला वाटलं तिच्या मोजणीत काहीतरी बिघडलं. मी तिला जेवायला बसवलं आणि जाताना पिशवीभर चिकू दिले.

त्यानंतर आमच्या घरात ओतायचं आणि थांबायचं असा कार्यक्रम सुरू झाला. ओतणं मला जमलं. थांबणं हे माझ्या पिढीजात स्वभावात नाही. वर्गात प्रश्न विचारून मी मनात तीन आकडे मोजते आणि उत्तर स्वतःच सांगून टाकते. मुलं त्या तीन आकड्यांची वाट बघत असतात. इथे मी म्हणायचे, "आज भेंडी काढायची आहे," टोपली त्याच्या पायाशी ठेवायचे आणि थांबायचे. तो टोपलीकडे बघायचा. मी थांबायचे. केळीवरून एक कावळा उडायचा, दुसरा येऊन बसायचा. माझ्या जिभेच्या टोकाशी "अहो उठा ना" येऊन उभं राहायचं आणि मी ते गिळायचे. आणि मग कधीतरी तो उठायचा. एकदा उठला की भेंडी अशी निवडून काढायचा की बघत राहावं. सासूबाईंनी आराम हा शब्द सोडला. त्या आता लांबूनच बघायच्या आणि मला खुणेने सांगायच्या, बोलू नको, थांब.

पंप विहिरीच्या पलीकडच्या बाजूला, माडापासून लांब आहे, म्हणून त्यावर पाणी ओतायचं काम आम्ही त्यालाच दिलं. बादली भरून ठेवली की तो करायचा. रेडिओ परत आला, सकाळी थोडा वेळ, हळू. दुपारी तो थकायचा, तेव्हा कोणी त्याला छळायचं नाही. बोलणं मात्र तिथेच होतं. विचारलं तेवढं. मी विचारायचे भरपूर. तो उत्तरं द्यायचा, कधी कधी लांबलचक, एकदा तर माझ्या एका प्रश्नावर थोडंसं हसलाही. पण पहिला शब्द कायम माझा.

नारळ पाडणारा माणूस मात्र काही केल्या येईना. आता हे काम करणारे फार थोडे उरलेत, आणि जे आहेत त्यांचा भाव नवरदेवासारखा. आज येतो म्हणायचा, उद्या येतो म्हणायचा, एकदा आला तर पाऊस होता म्हणून खालूनच परत गेला. माडाखालची जागा आम्ही मोकळी ठेवली, एवढंच. मी सगळ्यांना ओरडून सांगायचे, तिथून जाऊ नका.

काही महिन्यांनी ती मुलगी दुसऱ्या मोजणीसाठी आली. या वेळी तिची मुद्रा कडक होती. "मागच्या वेळी तुम्ही दोघींनी मिळून सोडवलंत म्हणून माझ्या मॅडम खूप ओरडल्या," ती म्हणाली. "आज आजी माझ्याबरोबर ओट्यावर. काकू, तुम्ही कुठेतरी लांब बसून स्वतः वाचून भरा. प्लीज."

मला हे पसंत पडलं. पेपर असा एकट्याने, शांततेत सोडवायचा असतो. मी कागदाखाली धरायला एक पुठ्ठ्याची पाटी घेतली, प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि चांगली वाऱ्याची जागा बघून बसले. वाक्यं तीच होती, क्रम बदललेला होता. मी मनात म्हटलं, आम्हीही असंच करतो, बाळ. चालू-बोलू लागला म्हणजे बरा झाला, चूक. दुसऱ्या माराने आठवण येते, चूक. आपणहून काही करत नाही म्हणजे मुद्दाम करतो, चूक. ही खूण मी जरा जोरात केली, कागद फाटेपर्यंत. ओट्यावरून सासूबाईंचा आवाज येत होता. सिनेमात दाखवतात ते सगळं खोटं असतं, असं त्या त्या मुलीलाच आता समजावून सांगत होत्या.

एकदा इजा झालेल्या डोक्याला पुन्हा मार लागला तर तो अधिक धोकादायक ठरू शकतो.

मी पेन "बरोबर"च्या चौकोनावर टेकवलं.

"अगं, ऊठ तिथून."

मी मान वर न करता डावा हात हलवला. पेपर सोडवताना कोणी बोललेलं मला चालत नाही.

"ऊठ म्हणतो ना. वर बघ."

मी वर बघितलं. वर माड होता. विहिरीजवळचा जुना माड, आणि शेंड्याला ते सगळे वाळके नारळ. मी सगळ्या गावाला ओरडून सांगितलं होतं आणि स्वतः वाऱ्याच्या लोभाने नेमकी तिथेच येऊन बसले होते. मग मी खाली बघितलं. चिकूखालच्या खुर्चीतून नवरा उठून उभा होता. एक हात माझ्याकडे केलेला, कपाळाला आठी. आठीसुद्धा त्याची जुनी होती, मीठ कमी पडल्यावर पडायची ती.

हे बोललं कोण, ते मला तेव्हा कळलं.

ओट्यावर ती मुलगी उठून उभी राहिली होती. मला उठायला हवं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.  "अहो," मी म्हटलं, "नारळाला डोळे असतात ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी थांबले. थांबायला आता मला येत होतं. तीन आकडे होऊन गेले, कावळा उडून गेला, मी थांबलेच. त्याच्या ओठाचा एक कोपरा हळूच वर गेला.

"डोळे मलाही होते," तो म्हणाला, "भुईगावला."

मी उठले. खुर्ची, पाटी, पेन सगळं तिथेच टाकून त्याच्याकडे गेले आणि चिकूखाली त्याच्या शेजारी, खाली मातीतच बसले. तोही बसला. मागून ती मुलगी धावत आली, पायातल्या चपला ओट्यावरच राहिलेल्या, आणि तिने दबक्या आवाजात विचारलं, "काकू, आधी तुम्ही त्यांना काही विचारलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "कोणीच काही विचारलं नव्हतं."